अठरा बाय चोवीसमधले मामंजी

आमचे मामंजी इतके लाजाळू, की लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी त्यांचा बनियन मी धड पाहिलेला नव्हता. ते तो स्वतः धुवायचे आणि गच्चीतल्या दोरीवर वाळत घालून वरून टॉवेल पसरायचे. वारा सुटला की टॉवेल उडणार, या धास्तीनं मामंजी हातातला पेपर टाकून जिना चढायचे. अंघोळीहून बाहेर यायचे ते गळ्यापर्यंत गुंड्या लावून. मनगटाच्यासुद्धा. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागलेल्या असायच्या. मी म्हणायची, "मामंजी, वरची एक तरी गुंडी काढा, जीव घुसमटेल." ते म्हणायचे, "सवय आहे गं." हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझी काय गत झाली ते समजेल.

मामंजी पोस्टमन होते. चौतीस वर्षं त्यांनी पत्रं वाटली. थैली कायम डाव्या खांद्याला, त्यामुळे तो खांदा जो खाली आला तो निवृत्तीनंतरही वर गेला नाही. शिंप्याला त्यांच्या शर्टाची डावी बाजू बोटभर तोकडी शिवावी लागे. स्वभावानं अबोल. सासूबाई बोलायच्या आणि मामंजी ऐकायचे, असा दोघांचा संसार. सासूबाई गेल्या आणि ऐकायचंही काम उरलं नाही. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते पेपर वाचायचे, पहिल्या पानापासून टेंडर नोटिसांपर्यंत. मी चहा ठेवायची, ते म्हणायचे "ठेव". केर काढताना मी म्हणायची "पाय", ते पाय वर घ्यायचे. वर्षभर आमचं एवढंच बोलणं होतं.

मग एक दिवस ते आठवड्यातून तीन सकाळी बाहेर जायला लागले. "वाचनालयात जातो," म्हणाले. मी डबा करून द्यायला लागले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. म्हातारं माणूस बाहेर पडलं, चार माणसांत मिसळलं म्हणून नाही. खुर्चीखाली नीट झाडता येईल म्हणून.

त्याच सुमाराला गच्चीत खडूनं काढलेली पावलं दिसायला लागली. कुणीतरी उभं राहिलं असावं आणि दोन्ही पायांभोवती खडू फिरवला असावा, तशी दोन पावलं, एक सरळ, एक जरा तिरकं. मला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या पोरींचा खेळ. दर रविवारी मी ती घासून काढायची आणि पोरींच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. सोमवारी पावलं परत हजर. पोरींची आई माझ्याशी बोलेनाशी झाली. मामंजी खाली बसून सगळं ऐकायचे आणि मूग गिळून गप्प राहायचे.

आता माझं. मी फ्रेमच्या दुकानात काम करते. फोटो, नकाशे, सर्टिफिकिटं, मेलेल्या माणसांचे चेहरे, जे येईल ते मोजायचं, भोवती जाड कागदाचा माउंट कापायचा, काच बसवायची, पट्टी ठोकायची. माउंट कापणं हे माझं खास काम. कागदाच्या मधोमध जी खिडकी कापायची, तिची कड तिरकी आणि एका दमात यावी लागते. हात थांबला की कड फाटलीच समजा. मालक गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या बाईंचा हात म्हणजे हात."

दुकानापासून दोन स्टॉप पुढं चित्रशाळा आहे. दरवर्षी प्रदर्शनाच्या आधी तिथल्या मुलामुलींची चित्रं गठ्ठ्यानं फ्रेमला येतात, आणि त्यात माणसं असतात. बिनकपड्यांची. पहिल्या वर्षी मी ती सगळी भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. मालक पोट धरून हसले. म्हणाले, "अहो बाई, काच लावायची आहे, लग्न लावायचं नाहीये." नंतर मी पक्की झाले. बाई असो बाप्या असो, मला कागदाची लांबीरुंदी दिसायची. पक्की झाले म्हणजे काय, तर निर्लज्ज नाही झाले, तोंडाळ झाले. घरी येऊन जेवताना त्यांची नक्कल करून दाखवायची. एकदा एका म्हाताऱ्याचं चित्र आलं होतं, पोट गुडघ्यावर विसावलेलं. मी ताटावरून उठून तसं बसून दाखवलं. नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. मी म्हटलं, "यांना घरदार नसतं का हो? जनाची नाही तर मनाची तरी. नातवंडं काय म्हणत असतील?"

मामंजी समोर जेवत होते. त्यांनी मनगटाची गुंडी लावली. ती आधीच लावलेली होती, म्हणून त्यांनी ती काढून परत लावली. हे तेव्हा मी पाहिलं आणि विसरले. आता रोज आठवतं.

गेल्या वर्षी चित्रशाळेकडून बारा चित्रं आली. एकेक काढायची, मोजायची, मागं पेन्सिलनं आकडे टाकायचे, असं चाललं होतं. सातवं काढलं. कोळशानं काढलेलं चित्र, एक म्हातारा उभा. एक हात कमरेवर, एक मोकळा. एक पाय सरळ, एक जरा तिरका. मी पट्टी लावली, अठरा बाय चोवीस, आणि आकडे लिहायला कागद उलटा करणार, तेवढ्यात डावा खांदा दिसला. बोटभर खाली.

वर पाहिलं तर चष्म्याची चौकट. अंगावर काय ते तेवढंच.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती कशी ते मला त्या दिवशी कळलं. मी हाताला लागला तो खाकी कागद चित्रावर टाकला आणि त्यावर दोन्ही तळवे दाबून उभी राहिले, जसं काही ते उठून बसणार होते. कान तापले. ज्यांच्यासमोर मी पंधरा वर्षांत मोठ्यानं शिंकलेही नव्हते, त्यांना मी असं पाहिलं होतं. आणि पाहिलं ते पाहिलं, वर पट्टी लावून मोजलं. मालकांनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "धूळ गेली डोळ्यात."

त्या क्षणी मला त्यांची लाज नाही वाटली, माझी वाटली, असं म्हणायला फार आवडलं असतं. तसं नव्हतं. मला त्यांचीच लाज वाटली. हे प्रदर्शनात लागणार. गावभर लोक येणार. शेजारची बँकवाली येणार, तिला भारी हौस. नवऱ्याचे ऑफिसवाले येणार. ज्या दारांत मामंजींनी चौतीस वर्षं पत्रं टाकली, त्या दारांतली माणसं येणार आणि म्हणणार, अरे, हे तर आपले पोस्टमन.

म्हणून मी एक गोष्ट केली. माउंटची खिडकी चित्राच्या कडेपासून पाव इंच आत कापतात, चारही बाजूंनी. मी खालून, डावीकडून, उजवीकडून पाव इंच सोडला आणि वरून सहा इंच. सरळ गळ्याला कापलं. आधी मनात आलं होतं खालचं झाकावं. मग लक्षात आलं, लाज खालच्या अंगाला नसते, लाज तोंडाला असते. तोंड झाकलं की खालचं कुणाचंही. खाकी कागद चित्रावर ठेवूनच मी मापं घेतली, काच बसवली, पट्टी ठोकली. माझ्या हातची ती सगळ्यात स्वच्छ कड होती.

चित्रशाळेचे सर चित्रं न्यायला स्वतः आले. दाढीवाले, बोटं कायम काळी. एकेक फ्रेम पाहत पाहत सातव्यापाशी आले आणि थांबले.

"ताई, यांचं डोकं कुठंय?"

"आत आहे," मी म्हटलं. "माउंटखाली."

"ते तिथं काय करतंय?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "चुकून झालं. परत कापून देते." सर भले माणूस, रागावले नाहीत. उलट कौतुकानं सांगत बसले. म्हणाले, "वर्षातलं सगळ्यात चांगलं चित्र आहे हे. निम्मं श्रेय काढणाऱ्या मुलीचं, निम्मं या बाबांचं. असा मॉडेल मी बावीस वर्षांत पाहिला नाही. वीस मिनिटं उभे राहतात, पापणी हलते तेवढीच. मध्ये सुट्टी होते, पाय मोकळे करून येतात आणि खडूच्या खुणेवर उभे राहतात ते असे, की केसाचा फरक नाही. बाकीच्यांची टाच तरी सरकतेच. हे म्हणे घरी सराव करतात."

गच्चीतली पावलं माझ्या डोळ्यांपुढं आली. दर रविवारी मी ती ब्रशनं घासली होती.

"आणि गंमत सांगू?" सर म्हणाले. "स्वतःचं एकही चित्र त्यांनी पाहिलेलं नाही. मुलं बोलावतात, या हो बाबा, बघा कसं झालंय. तर म्हणतात, पत्र पोचवायचं, वाचायचं नाही. बिचाऱ्यांना मागं-पुढं कुणी नाही. एकटेच असतात."

"कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले."

मला चीड आली. पंधरा वर्षं चहा देते, डबा देते, आणि मागं-पुढं कुणी नाही? तोंडात मारल्यासारखं झालं. त्या रागाच्या भरात, आणि लाजेच्या, दोन्ही एकत्र झाल्यावर माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. मी म्हटलं, "मी ओळखते त्यांना. आमच्या शेजारी राहतात. त्यांचं हृदय बरं नाही. दोनदा चक्कर येऊन पडलेत. तुम्हाला सांगायचे नाहीत ते, पण उभं राहणं त्यांच्या जिवावर बेतेल."

सरांचा चेहरा उतरला. "अरे बापरे. आम्ही तर पुढचं सगळं वर्ष त्यांच्यावरच ठरवलंय."

"बघा बाई, मी आपलं सांगितलं. माझं नाव नका सांगू."

दोन दिवसांत मी नवा माउंट कापून दिला, डोक्यासकट. आता माझं काम झालेलं होतं. चित्र लागलं तरी या एका वर्षापुरतं, पुढं नवं काही व्हायचं नाही. नवऱ्याला कळलं नाही, मामंजींना कळलं नाही, सुंठीवाचून खोकला गेला. प्रदर्शनाला मी कुणालाच जाऊ दिलं नाही. बँकवालीला सांगितलं, यंदा काही दम नाही.

त्यानंतरच्या रविवारी गच्चीत पावलं नव्हती. त्याच्या पुढच्याही रविवारी नव्हती. मामंजी मात्र तीन दिवस डबा घेऊन वेळेवर निघायचे. डबा अर्धा परत यायचा. नंतर नंतर तसाच यायचा. एकदा काच आणायला मी बसनं चालले होते, तर डेपोच्या बाकावर मामंजी. मांडीवर डबा, गुंड्या गळ्यापर्यंत, आणि पाठीचा कणा असा वाकलेला की हनुवटी डब्याला लागेल. समोरून बसेस येत होत्या, जात होत्या. वाचनालय नव्हतं, चित्रशाळा नव्हती, पण घरातून निघायची वेळ होती, म्हणून ते निघत होते. मी बसमधून उतरले नाही. तोंड खिडकीकडून आत वळवलं.

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी विचारलं, "सूनबाई, मी फार थकल्यासारखा दिसतो का?"

त्यांनी कधी काही विचारलेलं नव्हतं. मी वाढत होते. वर न पाहता म्हटलं, "नाही हो मामंजी."

दोन महिन्यांत ते निम्मे झाले. नवरा म्हणाला, बाबा खंगलेत, दवाखान्यात ने. मी घेऊन गेले. डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितला तेव्हा मामंजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मी पडद्याबाहेर गेले. पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज आला, "आजोबा, हृदय काय मस्त आहे तुमचं! घड्याळ लावावं याच्यावर. खात का नाही मग?"

मामंजी म्हणाले, "हृदय चांगलं आहे?"

"उत्तम."

"मग ते असं का म्हणाले?"

"कोण?"

"कुणी नाही," मामंजी म्हणाले.

पडद्याबाहेर उभी राहून मी माझ्या चपलांकडं पाहत होते. माझं खोटं डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं होतं आणि घड्याळासारखं चालतंय म्हणून सांगितलं होतं. खाई त्याला खवखवे. मला खवखवायला लागलं ते बाहेरच्या बाकावर येईपर्यंत घशाशी आलं. औषधाची चिठ्ठी मिळायला वेळ होता. बाकावर आम्ही दोघंच होतो. मी सगळं सांगितलं. खाकी कागद, गळ्याला कापलेला माउंट, सर, चक्कर, सगळं. बोलताना त्यांच्याकडं पाहवलं नाही. समोरच्या भिंतीवर दातांचं एक चित्र होतं, ते मी पाहत होते. त्याची फ्रेम वाकडी होती.

मामंजी म्हणाले, "तुला दोन महिने माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला चहा देत होतीस."

मला रडू फुटलं. दवाखान्यात लोक रडतच असतात, कुणी वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, "मी सरांना म्हणाले, तुम्ही आमच्या शेजारचे."

"मी त्यांना म्हणालो होतो, मला कुणी नाही."

"का म्हणालात तसं?"

"तुमच्या अंगावर शिंतोडे नकोत म्हणून." मग जरासे हसले. "म्हणजे दोघंही खोटारडे."

ते तिथं पोचले कसे, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. त्यांच्या तोंडून एवढं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. चित्रशाळा त्यांच्या वाटपाच्या भागातली. सासूबाई गेल्यावर एकदा सहज फिरत तिथल्या पहारेकऱ्याशी बोलत बसले होते. त्या दिवशी मॉडेल आला नव्हता. सरांनी विचारलं, आजोबा, तासभर नुसतं बसाल का? कपड्यांनिशी. बसले. "त्याच्या आदल्या महिन्यात माझ्या चष्म्याची काडी तुटली होती," ते म्हणाले. "मी दोरा बांधला होता. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. तक्रार नाही करत, तुम्ही आपापल्या कामात. पण तिथं मी बसलो आणि पाचव्या मिनिटाला एका मुलीनं विचारलं, आजोबा, दोरा काढू चित्रात, की नको? तुझी सासू गेल्यापासून मला कुणी एवढं पाहिलं नव्हतं."

"आणि मग कपडे..."

"ते हळूहळू. पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, ते आपल्याला उघडं पाहतच नाहीत. खांदा किती खाली, पाय किती तिरका, एवढंच. तीस जणं माझा डावा खांदा पाहत होती. या खांद्याचं कुणी कधी कौतुक केलं नव्हतं. सरांनी नको म्हटलं, तेव्हा मला वाटलं, आता मी म्हाताऱ्याच्या चित्रापुरताही उरलो नाही."

मी डोळे पुसले. म्हटलं, "मी उद्याच जाते. सरांना खरं सांगते. तुम्ही परत जा मामंजी. यांना मी समजावते, कुणी काही बोलणार नाही."

"नाही," ते म्हणाले. "आता नाही जमायचं."

"का?"

"तिथं मी कुणाचा कुणी नव्हतो, म्हणून उभा राहू शकत होतो. आता चौथऱ्यावर चढलो, की तुझा सासरा उघडा उभा आहे असं मला वाटेल."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. जे मी काढून घेतलं होतं ते परत देण्यासारखं नव्हतंच. मला ते चोरून परत ठेवायचं होतं, आणि कबुली दिली त्याच क्षणी ते मोडलं होतं. सांगितलं नसतं तर ते स्वतःला निकामी समजत राहिले असते, सांगितलं तर हे. कुठूनही धरलं तरी चूक माझीच होती.

चिठ्ठी मिळाली. आम्ही उठलो. दाराशी येऊन मामंजी म्हणाले, "चित्र पाहिलंस ना तू?"

"पाहिलं."

"कसं आहे?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला काही सांगता येत नाही. ते चित्र माझ्या हाताखालून दोनदा गेलं होतं. मी त्याला दोनदा माउंट कापला, काच पुसली, मागून खिळे मारले. "अठरा बाय चोवीस," मी म्हटलं.

ते वाट पाहत उभे राहिले. पुढं काही येत नाही असं पाहून म्हणाले, "दोरा आहे का त्यात?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. चष्म्याच्या उजव्या काडीला, कानाच्या थोडं अलीकडं, दोरा गुंडाळलेला होता. मूळचा काळा असावा, आता राखी झालेला. दोन वर्षं तो चेहरा माझ्या समोर रोज दोन वेळा जेवला होता. माझी नजर म्हणजे नजर, पाव इंचाचा फरक मला लांबून कळतो, असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात.

"पाहून सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चित्रशाळेत गेले. सर वर्गात होते. आधी चित्र, मग कबुली, असं मी ठरवलं होतं. चित्र तळमजल्याच्या बोळात लावलेलं होतं, दोन खिडक्यांच्या मध्ये. मुलंमुली येत-जात होती. मी समोर उभी राहिले. पहिला काही वेळ माझी मान वरच उठेना, फ्रेमचा कोन तेवढा पाहत होते. मग पावलांपासून सुरुवात केली, कारण पावलं माझ्या ओळखीची होती. तिथून वर गेले. गुडघे. पोट आत ओढून धरलेलं, कळत होतं. छातीवरचे पांढरे केस. डावा खांदा. मला वाटायचं तो खांदा पडलेला आहे. चित्रात तो पडलेला नव्हता, थैली आत्ताच खाली ठेवल्यासारखा होता. आणि माणूस ताठ उभा होता. आमच्या घरात मामंजी कधी असे उभे राहिले नव्हते. आमच्या घरात ते नेहमी कुणाच्या तरी वाटेतून बाजूला होत असायचे.

झाडणारी बाई झाडत झाडत माझ्यापाशी आली. मी सरकत नाही असं पाहून म्हणाली, "ओळखीचे आहेत का?"

मागून दोन मुली जात होत्या. त्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

"माझे सासरे आहेत," मी म्हटलं.

बाईनं एकदा चित्राकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "छान उभे राहिलेत," म्हणाली, आणि माझ्या पायांभोवतून झाडू वळवून पुढं गेली.

मग मी सरांना भेटले. माझ्या मनाला लागेल असं जे काही ते बोलतील ते ऐकायची तयारी होती, पण ते नुसती काळी बोटं पुसत राहिले. त्याचीच जास्त लाज वाटली.

घरी आले तेव्हा मामंजी खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पेपर मांडीवर, उघडलेला नव्हता. मी चप्पल काढली, पिशवी ठेवली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. स्वयंपाकघरात गेले नाही.

"दोरा आहे," मी म्हटलं. "गाठसुद्धा आहे. गाठीची दोन टोकं बाहेर आलीत, एक लांब, एक आखूड. तशीच काढलीत तिनं."

त्यांनी हात चष्म्याकडं नेला आणि गाठ चाचपली. एक टोक लांब होतं, एक आखूड.

"पोट?" त्यांनी विचारलं.

"आत ओढलंय तुम्ही."

"कळतं का ते?"

"कळतं."

ते हसले, मग लाजले. कानापर्यंत लाल झाले आणि गळ्याची गुंडी चाचपली. ती लावलेलीच होती. मग म्हणाले, "किती वेळ पाहिलंस?"

"वीस मिनिटं. घड्याळ लावून. न हलता."

मामंजींनी माझ्या पायांकडं पाहिलं. मग मांडीवरचा पेपर बाजूला केला, खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"मग पाय भरून आले असतील," ते म्हणाले. "बस."